पाटी रात्री दिसते का?

तीन वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत आम्ही आठ-दहा जण मुंबई-पुण्याहून गावी गेलो होतो. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मोठ्या रस्त्यापासून आत. फाट्यावरून गावात उतरताना एक आंधळं वळण लागतं. एका बाजूला जांभ्याची दरड, दुसऱ्या बाजूला खाली भातखाचरं. वळणाच्या आधी लाल किनारीची तिकोनी पाटी होती. तिच्यावर शेवाळ चढलं होतं, लाल रंग गुलाबी पडला होता, बाण धड कळत नव्हता. सुट्टीत काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून आम्ही ऑइलपेंटचे डबे आणले. जुमाच्या नमाजनंतर पाटी घासली, पांढरा रंग मारला, वर लाल किनार आणि काळा बाण काढला. पाटी नवी कोरी दिसू लागली. फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. माशाअल्लाह, शाब्बास, असे मेसेज दोन दिवस येत होते. आम्ही खुशीत परतलो.

तीन आठवड्यांनी माझा मामेभाऊ एका वलीम्याहून रात्री मोटारसायकलवर येताना त्याच वळणावर खाली खाचरात गेला. गळ्याचं हाड मोडलं, बाकी अल्लाहची मेहेरबानी. अपघात पाटीमुळेच झाला असं मी म्हणत नाही. त्याचा वेग होता, पाऊस पडून गेला होता, झोपही असेल. पण त्याला बघायला म्हणून मी गावी गेलो, तेव्हा रात्री गाडीत माझ्या शेजारी चाचा बसले होते. चाचा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, वय ६७. वळण जवळ आलं तसे ते म्हणाले, "पाटी कुठाय रे?" मी म्हटलं, "ती काय चाचा, समोर." समोर काळोख होता. गाडी अगदी जवळ गेली तेव्हा एक मळकट तुकडा दिसला आणि मागे गेला. चाचा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही पाटीला रंग मारलात, आणि पाटीच मारलीत."

मी इंजिनियर आहे. प्रकाशाचं परावर्तन मी शिकलो होतो, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. हातात ब्रश घेताना त्यातलं काही आठवलं नाही. या अंकात पाटीबद्दल लिहितोय त्याचं कारण हे आहे.

आपण गाड्यांच्या मागे, सायकलला, ट्रॉलीला जी चकाकणारी पट्टी लावतो तिला सगळे 'रेडियम' म्हणतात. रेडियमशी तिचा काही संबंध नाही. तिच्यात स्वतःचा प्रकाश नसतो. ती फक्त आलेला प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते. आरसा असं करत नाही. आरशावर तिरका प्रकाश पडला तर तो दुसऱ्या बाजूला निघून जातो. साधा रंग प्रकाश चारी दिशांना विखरून टाकतो, त्यातला अगदी थोडा आपल्या डोळ्यांकडे येतो. पाटीवरच्या शीटमध्ये मात्र बारीक काचेचे मणी किंवा प्लॅस्टिकचे सूक्ष्म प्रिझ्म असतात. हेडलाइटचा प्रकाश त्यांच्यात शिरतो, आतून वळतो आणि पुन्हा हेडलाइटच्याच दिशेने निघतो. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या थोडेच वर असतात, म्हणून त्याला पाटी पेटल्यासारखी दिसते. ट्रकचा ड्रायव्हर हेडलाइटपासून जास्त उंचावर बसतो, म्हणून त्याच पाटीवरून त्याच्याकडे प्रकाश कमी येतो. आम्ही काय केलं होतं? त्या मण्यांवर ऑइलपेंटचा थर दिला होता. दिवसा पाटी उजळ झाली आणि रात्री विझली. शेवाळाखालची शीट कदाचित अजून कामाची होती. नुसती धुतली असती तरी बहुधा पुरलं असतं.

माझ्या धंद्यात म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, सगळ्यात वाईट बिघाड तो, जो आवाज करत नाही. सर्व्हर बंद पडला की दहा फोन येतात, अर्ध्या तासात माणसं कामाला लागतात. पण एखादी यंत्रणा वरून चालू दिसते आणि आत तिचं काम थांबलेलं असतं, तेव्हा महिनोन् महिने कुणाला कळत नाही. रस्त्यावरची पाटी अशीच मरते. खड्डा पडला तर गाडी आदळते, लोक शिव्या देतात, पेपरात फोटो येतो. पाटी आंधळी झाली तर कुणी तक्रार करत नाही, कारण जी पाटी दिसलीच नाही तिची तक्रार कोण करणार? ज्याला तिची सर्वात जास्त गरज होती तो कधीकधी सांगायला उरत नाही. आणि कार्यालयं दिवसा चालतात, म्हणून पाहणीही दिवसाच होते. दिवसाच्या पाहणीत खांब उभा आहे, पाटी जागेवर आहे, अक्षरं वाचता येतात, म्हणजे सगळं ठीक.

ते ठीक नसतं, कारण शीटला वय असतं. उन्हातली अतिनील किरणं तिला झिजवतात. कडेने पाणी आत शिरलं की ती पापुद्र्यासारखी सुटते. लाल रंग आधी उडतो. आपल्याकडे त्यात तांबड्या मातीची धूळ, डंपरचा धूर, कोकणातला पाऊस आणि शेवाळ यांची भर पडते. भारतातल्या पाट्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७ ही संहिता आहे. पाटीचा आकार, रंग, उंची, जागा आणि शीटचा दर्जा, सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. शीट किती प्रकाश परत पाठवते ते यंत्राने मोजता येतं. त्याचं एकक कॅन्डेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर. साध्या काचमण्यांच्या नव्या पांढऱ्या शीटसाठी अमेरिकन मानकात किमान आकडा ७० आहे, आणि वरच्या दर्जाच्या प्रिझ्मच्या शीटसाठी ५८०. दिवसा या दोन्ही शीट जवळजवळ सारख्याच पांढऱ्या दिसतात. फरक रात्रीच कळतो.

अमेरिकेत या प्रश्नावर २००८ च्या जानेवारीपासून एक नियम लागू झाला. रस्त्याची मालकी ज्या संस्थेकडे आहे तिने पाट्यांची रात्रीची चमक ठरावीक पातळीच्या खाली जाऊ नये म्हणून काहीतरी ठरलेली पद्धत वापरलीच पाहिजे, असं तो सांगतो. उदाहरणार्थ, लाल 'थांबा' पाटीवरचा पांढरा भाग ३५ च्या खाली आणि लाल भाग ७ च्या खाली जाऊ नये, आणि पांढरा लालपेक्षा निदान तिप्पट चमकावा. पद्धती अनेक मान्य आहेत. यंत्राने मोजणं ही एक. प्रत्येक पाटीची तारीख नोंदवून वय झालं की बदलणं ही दुसरी. एका भागातल्या सगळ्या पाट्या एकदम बदलणं ही तिसरी. थोड्या नमुना पाट्यांवर लक्ष ठेवून बाकीच्यांचा अंदाज घेणं ही चौथी. आणि रात्री गाडीतून फिरून डोळ्यांनी तपासणं ही पाचवी.

या पाचव्या पद्धतीचा एक प्रकार वाचून मला चाचा आठवले. त्यात तपासणारा माणूस निदान ६० वर्षांचा असावा लागतो. विशीतल्या डोळ्यापेक्षा साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर खूप कमी प्रकाश पोचतो. म्हातारपणी ज्याला पाटी दिसली, तिथे ती सगळ्यांना दिसेल. आपल्याकडे उलट होतं. तिशीतली पोरं भर दुपारी फोटो काढून काम झालं म्हणून जाहीर करतात. मी त्यांतलाच एक होतो.

आता थोडं कडू बोलतो. पाट्या फक्त ऊन-पावसाने मरत नाहीत, आपणही त्या मारतो. ईद-ए-मिलादच्या शुभेच्छांचा बॅनर दिशादर्शक फलकाच्या खांबाला कुणी बांधला? आपल्याच मोहल्ल्यातल्या पोरांनी. नेत्याच्या वाढदिवसाचा, जयंतीचा, उरुसाचा, गणपतीचा, क्रिकेटच्या टूर्नामेंटचा, सगळे बॅनर त्याच खांबावर येतात, कारण खांब सरकारने फुकट उभा करून ठेवला आहे. कुणी क्लासेसचं स्टिकर चिकटवतो, कुणी पानाची पिचकारी मारतो, कुणी ॲल्युमिनियमचा पत्रा भंगारात विकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११६ प्रमाणे वाहतुकीची पाटी मुद्दाम काढणं, बदलणं किंवा विद्रूप करणं मना आहे. गाडीचा धक्का लागून पाटी निकामी झाली तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाटी झाकणारी जाहिरात हटवण्याचा अधिकारही त्याच कलमात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. दुसऱ्यांचे बॅनर मोजण्याआधी आपले उतरवू. अल्लाहच्या रसूलच्या जन्मदिनाचा बॅनर एखाद्या मुसाफिराला धोका होत असेल, तर तो कुणाच्या प्रेमात लावला हे स्वतःला विचारायला हवं.

आपल्याला ही शिकवण नवी नाही. ईमानच्या सत्तरहून जास्त शाखा आहेत आणि रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणं ही त्यांतली सर्वात साधी शाखा, ही हदीस मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. खलिफा उमर यांची गोष्ट तर प्रत्येक जलशात सांगितली जाते: दूर इराकमध्ये एखादं खेचर ठेचकाळलं तरी रस्ता नीट का केला नाहीस याचा जाब अल्लाह मला विचारेल, अशी धास्ती त्यांना वाटायची. गोष्ट ऐकून आपण सुभानअल्लाह म्हणतो आणि बाहेर येऊन त्याच वळणावरून घरी जातो.

पण मला त्याहून जास्त विचार करायला लावते ती वक्फची तरतूद. वक्फवर सध्या एवढी चर्चा चालू आहे, तरी ही गोष्ट क्वचितच बोलली जाते. हनफी फिकहमध्ये वक्फच्या उत्पन्नावर पहिला हक्क वास्तूच्या देखभालीचा असतो. वाकिफने तसं लिहून ठेवलं नसलं तरीही. आधी छप्पर, मग पगार, मग खैरात. कारण छप्परच राहिलं नाही तर पुढचं काहीच राहत नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. बांधायला सगळे पुढे येतात, राखायला कुणी येत नाही. आजही मस्जिदीचा मिनार बांधायचा म्हटलं की परदेशातून पैसे येतात. वजूखान्याचा गळका नळ बदलायला मात्र जुमाला तीन वेळा एलान करावं लागतं. उद्घाटनाला फीत असते, देखभालीला नसते. सरकारी रस्त्याचं तेच आहे. नव्या पाटीचं टेंडर निघतं, जुनी पाटी धुण्याचं निघताना मी पाहिलेलं नाही.

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि आमच्या बैठकीत एका मुलीने मला तोंडावर म्हटलंही: "भाई, घर भाड्याने मिळत नाही, नोकरीच्या मुलाखतीत नाव ऐकून चेहरे बदलतात, रोज टीव्हीवर आपल्यालाच आरोपी केलं जातं, आणि तुम्ही आम्हाला पाट्या पुसायला सांगता?" तिचा राग खोटा नाही. पाटी पुसून यातलं काही सुटणार नाही. ज्या लढाया कोर्टात, विधिमंडळात आणि रस्त्यावर लढायच्या त्या तिथेच लढाव्या लागतील. आणि हे काम आपण 'चांगले मुसलमान' आहोत हे कुणाला दाखवण्यासाठी तर मुळीच करायचं नाही. नागरिकत्वाची परीक्षा कुणी आपली घेत नाही आणि आपण ती द्यायचीही नाही.

मग का करायचं? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतली दर तिघांमागे सुमारे दोन जण १८ ते ४५ वयाची होती. म्हणजे हे वाचणाऱ्यांच्या वयाची. डिलिव्हरी बॉय, टेम्पोचालक, रिक्षाचालक, रात्रपाळीची नर्स, गॅरेजवाला, यांत आपली पोरं किती आहेत हे कुणी सांगायला नको. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पाटी दोन सेकंद आधी दिसणं आणि न दिसणं यात ३० मीटरहून जास्त रस्ता असतो, आणि तेवढ्यात वळण येऊन जातं. दुसरं कारण असं की मागणी करायची सवय लहान गोष्टीपासूनच लागते. रस्ता कुणाच्या ताब्यात, नियम काय, अर्ज कुठे, पोच कशी, उत्तर नाही आलं तर पुढे काय, हे एका पाटीवर शिकलेला मुलगा उद्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, कब्रस्तानाच्या जमिनीसाठी तेच करू शकतो. मी हे आमच्या गावात पाहिलं आहे.

म्हणून या अंकापासून आपण एक काम सुरू करतोय. दर शाखेने आपल्या भागातला दोन-तीन किलोमीटरचा एक रस्ता निवडायचा.

इशाच्या नमाजनंतर एका गाडीतून त्या रस्त्यावर दोन्ही दिशांनी जायचं. हेडलाइट अप्परवर नको, डिपरवर ठेवायचा, कारण समोरून गाडी आली की सगळे डिपरवरच असतात. सोबत साठीच्या पुढचे एक चाचा किंवा खाला हव्यात. पाटी दिसली की त्यांनी बोलायचं, आपण लिहायचं. पायी तपासायचं असेल तर टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्याच्या बाजूला धरा. टॉर्च कमरेजवळ धरलीत तर चांगली पाटीही अंधुक वाटेल, कारण प्रकाश टॉर्चकडे परत जाईल, तुमच्या डोळ्यांकडे येणार नाही. मोबाइलचा फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, म्हणून फ्लॅशचा फोटो चांगला पुरावा होतो. प्रत्येक पाटीचा एक दिवसाचा आणि एक रात्रीचा फोटो घ्या. रस्त्याच्या कडेला उभं राहणारा प्रत्येक जण रेडियमचं जॅकेट घालेल, आणि भर रस्त्यात कुणी उभं राहणार नाही.

स्वतःच्या हाताने काय करायचं? फार थोडं. गावातल्या, मोहल्ल्यातल्या हात पोचेल अशा पाटीवरची धूळ आणि शेवाळ, ज्यांच्या ताब्यात ती पाटी आहे त्यांना सांगून, भरपूर पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडक्याने वरून खाली धुवायची. काथ्या, तारेची घासणी, थिनर, पेट्रोल, काही वापरायचं नाही. आपला बॅनर असेल तर उतरवायचा. महामार्गावर, पुलावर, घाटात काही करायचं नाही, फक्त कळवायचं. आणि रंगाचा डबा घरीच ठेवायचा.

बाकी सगळं कागदावर. आधी रस्ता कुणाचा ते शोधा: राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद की महापालिका. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. राज्याच्या बाकी विभागांसाठी 'आपले सरकार' वर तक्रार करता येते. तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात किलोमीटरच्या दगडाचा आकडा, पाटीची दिशा, दोन्ही फोटो आणि नेमका दोष लिहा: शीट सुटली, रंग उडाला, झाडी आडवी आली, पाटी फिरली. महिनाभर हालचाल नाही झाली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा. पाटी कधी लावली? शीट कुठल्या दर्जाची? हमी किती वर्षांची? कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो? रात्रीची शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली? कायद्याने ३० दिवसांत उत्तर यायला हवं. शेवटचा प्रश्न विसरू नका, माझ्या अनुभवात कार्यालय त्याच प्रश्नाने हलतं. आणि हेही लक्षात ठेवा की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल मानकाप्रमाणे न केल्याने कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. देखभाल हा शब्द त्या कायद्यात लिहिलेला आहे. आपण तो फक्त आठवण करून द्यायचा.

आमच्या वळणावरची पाटी बदलायला अकरा महिने आणि चार अर्ज लागले. पहिल्या अर्जात आम्ही सरळ लिहिलं होतं की पाटी आम्हीच चुकून बिघडवली. कारकून हसला, पण अर्ज घेतला. नवी पाटी आली त्या रात्री मी फोटो टाकला नाही. चाचांना गाडीत बसवून फाट्यापर्यंत गेलो आणि परत वळलो. ते डोळे बारीक करून समोर बघत होते. बऱ्याच लांबून म्हणाले, "आली." मी मीटरवर अंतर मोजून वहीत लिहिलं.

तेव्हापासून जमातीच्या वहीत मस्जिदीची मोटर आणि कब्रस्तानाचा गडगा यांच्याखाली आणखी एक ओळ असते: वळणाची पाटी. वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसाच्या आधी आणि ऑक्टोबरात शेवाळ धुवायला. मामेभाऊ बरा झाला आहे. गेल्या ऑक्टोबरात बादली त्यानेच धरली होती.

तुमच्या रस्त्यावरची पाटी तुम्ही रोज बघत असाल. या महिन्यात एकदा ती रात्री बघा, आणि शेजारी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बसवा.